एकाच बसमधली दोन हृदयं

आधी स्वयंपाकघरात जा आणि थोडी कणीक घेऊन या. पोळ्या चालल्या असतील तर सांगा, बोराएवढी गोळी पुरे. गोळी जराशी चपटी करा आणि तिच्यात एक बारीक काडी उभी रोवा. खराट्याच्या हिराचा तुकडा चालेल, नाहीतर आगपेटीतली काडी, पण गूल मोडून टाकलेली. आता तळहात वर करून हात टेबलावर सैल ठेवा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर, दोन बोटांनी अलगद चाचपलंत की एका जागी आत काहीतरी टुकटुक उडताना लागतं. बरोबर त्या जागेवर गोळी बसवा. हात हलवायचा नाही, बोलायचंही नाही. नुसतं काडीच्या टोकाकडे बघत राहायचं.

हलली ना?

मी हा उद्योग पहिल्यांदा केला तेव्हा मला वाटलं, पंख्याचा वारा लागतोय. पंखा बंद केला. खिडकी लावली. काडी आपली हलतेच आहे! एक बारीकसा झोका, क्षणभर थांबणं, पुन्हा झोका. जणू आतून कुणीतरी टिचकी मारतंय.

टिचकी मारणारा मनगटापासून हातभर लांब आहे. छातीच्या पिंजऱ्यात, किंचित डावीकडे कललेलं, साधारण तुमच्याच मुठीएवढं हृदय. ते आकसतं आणि रक्त पुढे ढकलतं. त्या धक्क्याची लाट रक्तवाहिन्यांच्या लवचिक भिंतींतून धावत मनगटापर्यंत येते आणि कणकेतली काडी डोलते. नाडी म्हणतात ती हीच.

घड्याळ समोर ठेवून पंधरा सेकंदांत काडी किती वेळा हलली ते मोजा आणि चारने गुणा. शांत बसलेलं असताना तुमच्या वयाच्या मुलांचा आकडा बहुधा ७० ते १०० च्या मध्ये येतो. आता उठा, दोन जिने भराभर चढा आणि लगेच पुन्हा मोजा. या वेळी बोटांनीच मोजा, धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातावर गोळी काही टिकायची नाही. १३०? १५०? वहीत लिहा. दोन मिनिटं बसा आणि पुन्हा मोजा. आकडा किती खाली आला तेही लिहा. ही वही हाताशी असू द्या.

मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाचे एक लाखाहून जास्त होतात. मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलतं, आणि शरीरात रक्तच मुळी पाच लिटरच्या आसपास असतं. म्हणजे तुम्ही एक ग्लास पाणी सावकाश पिईपर्यंत अंगातल्या सगळ्या रक्ताची एक फेरी पूर्ण! दिवसाचा हिशेब ७,००० लिटरच्या वर जातो. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना? तशा सात टाक्या, रोज. रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही. इंग्लंडमधल्या विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टरांनी असाच हिशेब मांडून पाहिला तेव्हा ते चक्रावले. इतकं रक्त शरीर दर तासाला नव्यानं बनवणं शक्यच नाही. मग तेच रक्त गोल गोल फिरत असलं पाहिजे! १६२८ मध्ये त्यांनी हे पुस्तकात मांडलं. मला या शोधाचं फार कौतुक वाटतं, कारण त्याची गुरुकिल्ली गुणाकारात होती, आणि तो तुम्हाला तिसरीपासून येतो.

आता एक प्रश्न. सगळ्यांना रक्त पोचवणाऱ्या हृदयाला स्वतःला रक्त कुठून मिळतं?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, ते तर रक्तानं भरलेलंच असतं! पण दुधाची किटली दुधानं भरलेली असते म्हणून किटलीचं पोट भरतं का? हृदयाच्या कप्प्यांत रक्त येतं आणि लगेच पुढे निघून जातं. कप्प्यांच्या जाडजूड स्नायूंना त्यातून फारसं काही घेता येत नाही. त्यांची सोय वेगळी केलेली आहे. हृदयातून शरीराकडे जी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी निघते ती महाधमनी. तिला अगदी उगमापाशी दोन छोटे फाटे फुटतात. मेंदूच्या आधी, हातापायांच्या आधी, पहिले दोन. ते मागे वळून हृदयाच्याच अंगावर पसरतात. नवरदेवाच्या कपाळावरून मुंडावळ्या दोन्ही बाजूंनी खाली सुटतात ना, तसे. युरोपातल्या डॉक्टरांना त्यात मुकुट दिसला, म्हणून त्यांनी नाव ठेवलं कोरोनरी धमन्या. लॅटिन भाषेत कोरोना म्हणजे मुकुट. मला मात्र त्या चित्रात मुंडावळ्याच दिसतात.

या धमन्यांची रुंदी असते तीन-चार मिलिमीटर. सरबताच्या स्ट्रॉपेक्षाही बारीक. आणि हृदयाची भूक बघा! त्याचं वजन अख्ख्या शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण फिरणाऱ्या रक्तातला जवळजवळ विसावा वाटा ते या दोन बारीक वाटांनी स्वतःकडे ओढून घेतं.

मोठी माणसं दबक्या आवाजात ‘अमक्यांना अटॅक आला’ म्हणतात तेव्हा बिघाड झालेला असतो तो या मुंडावळ्यांमध्ये.

तो कसा होतो, हे सांगताना बरेच जण नळात साचलेल्या गाळाचं उदाहरण देतात. ते सोपं आहे, पण पुरतं बरोबर नाही. त्यापेक्षा पावसाळ्यातली घराची भिंत आठवा. बाहेरून ओल आत झिरपते. रंग वरून छान दिसत असतो. मग एका जागी तो फुगतो. बोट लावलं तर मऊ, पोकळ लागतो. असे कितीतरी दिवस जातात, आणि एके दिवशी खुर्चीची पाठ जराशी घासते आणि सबंध पोपडा खाली येतो.

धमनीत असंच घडतं. तिच्या आतल्या बाजूला पेशींचं एक अतिशय पातळ अस्तर असतं, एकाच थराचं. सतत चढलेला रक्तदाब, तंबाखूचा धूर, रक्तातली वाढलेली साखर यांनी ते अस्तर दुखावतं. मग रक्तातून वाहणारं कोलेस्टेरॉल त्याच्या खाली शिरतं. कोलेस्टेरॉल हा तसा उपयोगी पदार्थ, शरीरातल्या प्रत्येक पेशीला तो लागतो. पण जास्त झाला की नको तिथे मुरतो. त्याला हटवायला पांढऱ्या पेशी धावतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच अडकून बसतात. भिंतीच्या आत फुगवटा तयार होतो. त्याच्यावर एक पातळ पापुद्रा. माणूस रोज कामावर जातो, लग्नात जेवतो, हसतो. त्याला काहीच कळत नाही.

आणि एक दिवस पापुद्रा फाटतो.

इथे शरीर जे करतं ते समजून घेण्यासारखं आहे. खेळताना तुमचा गुडघा खरचटतो तेव्हा रक्त येतं, मग दाटतं, मग खपली धरते. रक्ताला एवढंच ठाऊक असतं की भिंत फुटली की भोक बुजवायचं. धमनीच्या आत पोपडा सुटला की ते तिथेही तेच करतं, तितक्याच तत्परतेनं. पण गुडघ्यावरची खपली बाहेर असते, आणि ही तीन मिलिमीटरच्या नळीच्या आत. वाट बंद होते. त्या वाटेवरच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात तो मरू लागतो. हाताला कापलं तर नवी कातडी येते, पण हृदयाचा मेलेला स्नायू परत येत नाही. तिथे नुसता वण राहतो.

माझ्या आजोबांच्या बाबतीत हे झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कोकणातलं घर, मे महिना, रात्रीची जेवणं झालेली. आजोबा ओटीवर येऊन बसले आणि छाती चोळू लागले. घामानं सदरा भिजला होता. “गॅस धरलाय, दुसरं काही नाही,” ते म्हणाले. आजीनं ओवा दिला. मग सोडा. मग सुंठ उगाळून आली. पाठीला तेल चोळून झालं. “इतक्या रात्री कशाला कुणाला उठवायचं,” असं तेच म्हणत राहिले. पहाटे शेजारच्यांच्या जीपमधून त्यांना तालुक्याच्या गावी नेलं. ते वाचले. त्यानंतर अकरा वर्षं जगले. पण मागच्या परड्यात हापूसची जी सात झाडं होती, तिथपर्यंतची चढण ते पुन्हा कधी चढले नाहीत. आंबे उतरवले की आम्ही एकेक टोपली ओटीवर आणून त्यांना दाखवायचो.

त्या रात्री घरात सहा मोठी माणसं होती आणि कुणालाच हे ठाऊक नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे. छातीत दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं दुखणं, ते दुखणं डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात जाणं, थंड घाम, धाप, मळमळ. कधी यातलं एखादंच लक्षण असतं. बायकांमध्ये तर छातीत फारसं न दुखता नुसती धाप आणि थकवाही असू शकतो. मोठी माणसं म्हणतील, पित्त असेल. असूही शकतं. पण ते ठरवण्याचं काम डॉक्टरांचं. तुम्ही फोन उचला आणि १०८ फिरवा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, पैसे पडत नाहीत. आपलं नाव, गाव, जवळची खूण, म्हणजे देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, जे असेल ते नीट सांगायचं. दहा वर्षांच्या मुलाला हे चांगलं जमतं.

पण आजोबांच्या भिंतीत ओल शिरली कधी? त्या मे महिन्यात नक्कीच नाही.

याचं उत्तर एका दुःखद ठिकाणी सापडलं. १९५० ते १९५३ या काळात कोरियात युद्ध झालं. त्यात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं लष्करी डॉक्टरांनी तपासली. सरासरी वय २२. धडधाकट, धावणारे, बंदुका घेऊन डोंगर चढणारे तरुण. पण शंभरातल्या ७७ जणांच्या कोरोनरी धमन्यांत या आजाराच्या खुणा होत्या! कुणाच्या अगदी पुसट, कुणाच्या ठळक. तोपर्यंत सगळे समजत होते की हा म्हातारपणाचा रोग. पुढे कळलं की चरबीच्या पहिल्या पिवळसर रेषा तर शाळकरी वयातच दिसू लागतात.

घाबरू नका. या रेषा भित्र्या असतात. भिंत नीट राखली तर त्या तिथेच थांबतात, काही तर पुसल्याही जातात. राखायची कशी, हेच तर कोडं होतं. आणि ते सुटायला एका लाल दुमजली बसची मदत झाली.

लंडन शहर, दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी बुचकळ्यात पडले होते. हार्ट अटॅक वाढत चालले होते आणि का वाढताहेत ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मॉरिस यांना वाटलं, माणसं कामं कोणती करतात ते बघू या. मग त्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी जमवायला घेतल्या. वयं ३५ ते ६४.

बस कल्पनेत आणा. पुढे ड्रायव्हर बसलेला. सकाळी बसला की पाळी संपेपर्यंत बहुतेक वेळ तसाच बसलेला. आणि मागे कंडक्टर. खालच्या मजल्यावर तिकिटं दिली की जिन्यानं वर. वरची तिकिटं झाली की खाली. पुढच्या थांब्यावर माणसं चढली की पुन्हा वर. एका पाळीत त्याच्या ५०० ते ७५० पायऱ्या चढून व्हायच्या. दोघं त्याच बसमध्ये, त्याच रस्त्यांवर, त्याच धुरात. पगारात, राहणीत फार फरक नाही. प्रयोग करायला याहून सुंदर जोडी कुठे मिळणार? आणि ती कुणी मुद्दाम तयार केली नव्हती, रोज रस्त्यावरून जात होती!

आकडे हाती आले. वर्षाला दर दहा हजार ड्रायव्हरांमागे हृदयाच्या धमन्यांचा आजार झाला २७ जणांना. कंडक्टरांमागे १९ जणांना. शिवाय कंडक्टरांना तो उशिरा व्हायचा, आणि झाला तरी तितका जीवघेणा नसायचा.

तुम्ही असता तर लगेच ओरडला असता, सापडलं! मीही ओरडले असते. मॉरिस थांबले. बस चालवणं हे जिकिरीचं काम आहे, कदाचित तो ताणच हृदयाला भोवत असेल. म्हणून त्यांनी टपाल खात्याकडे बघितलं. पायी किंवा सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन एकीकडे, आणि खुर्चीत बसून काम करणारे कारकून आणि टेलिफोन जोडून देणारे दुसरीकडे. इथे रस्ता नाही, गर्दी नाही, स्टिअरिंग नाही. तरीही चित्र तेच निघालं. हिंडणाऱ्यांची हृदयं जास्त निरोगी. तेव्हा कुठे १९५३ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापलं.

तरी एक शंका उरलीच. मुळात जाडसर माणसं ड्रायव्हर होत असतील आणि सडपातळ माणसं कंडक्टर होत असतील, तर? हे कसं तपासणार? या जागी मला मॉरिस यांना सलाम करावासा वाटतो. त्यांना आठवलं की प्रत्येक कर्मचाऱ्याला गणवेश मिळतो आणि गणवेश शिवणाऱ्यांकडे मापं असतात. त्यांनी पँटच्या कंबरेची मापं मागवली! शंका खोटी नव्हती, तरुण ड्रायव्हरांची कंबरसुद्धा कंडक्टरांपेक्षा जाड भरली. पण जाडांची जाडांशी आणि सडपातळांची सडपातळांशी तुलना केली, तेव्हाही कंडक्टरच सुरक्षित निघाले. म्हणजे कंबरेचा काही भाग होताच, पण जिन्याचा वेगळा, स्वतःचा फायदा होता. आपल्याला आवडलेल्या उत्तरावर आपणच शंका घ्यायची आणि ती तपासायला शिंप्याच्या वहीपर्यंत जायचं, हे विज्ञान मला सगळ्यात सुंदर वाटतं.

आपल्या मुंबईतही १९३७ पासून दुमजली बस होत्या. जुन्या डिझेलच्या लाल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, आता वातानुकूलित विजेच्या धावतात. लहानपणी मुंबईला गेले की मी वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची खिडकी पकडायची. समोर झाडांच्या फांद्या काचेवर आपटायच्या आणि मागून तिकिटाच्या पंचची टिकटिक जवळ येत जायची. पण आपल्या डबल डेकरमध्ये वरचा कंडक्टर वेगळा आणि खालचा वेगळा असे. त्यामुळे मॉरिस मुंबईत हा अभ्यास करते, तर जिना त्यांना इतकं स्पष्ट उत्तर देता ना! ते आपल्या देशात येऊन मात्र गेले होते, महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून.

आता तुमची वही उघडा. जिना चढल्यावर आकडा वर गेला होता ना? तेव्हा रक्त धमन्यांतून जोरानं वाहत होतं आणि त्या एकथरी अस्तराला घासत होतं. अस्तराला हे घासणं आवडतं. त्या वेळी ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू किंचितसा सोडतं, त्यानं धमनीची भिंत सैलावते, वाट रुंद होते, आणि अस्तर स्वतःही धडधाकट राहतं. इतक्या साध्या वायूचं शरीरात एवढं मोठं काम असेल, यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना. १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना त्यासाठीच मिळालं. रोज हिंडणाऱ्या माणसाच्या हृदयाचा स्नायूही बळकट होतो. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो, म्हणून निवांत असताना त्याला कमी ठोके पुरतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंची नाडी बसल्या जागी ५० च्याही खाली असू शकते. दुसऱ्यांचं हृदय ७० वेळा करतं ते काम त्यांचं ५० वेळांत उरकतं.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं अंग चांगलं हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लंगडी, खो-खो, लगोरी, सायकल, पोहणं, लेझीम, गणपतीच्या मिरवणुकीतलं नाचणंसुद्धा, सगळं धरायचं. मोबाइलवर क्रिकेट खेळणं धरायचं नाही.

बसशिवाय आणखीही बरीच माणसं या कोड्याच्या मागे लागली होती. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचं एक गाव आहे. तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांनी १९४८ पासून स्वतःला तपासू दिलं, वर्षानुवर्षं. मग त्यांच्या मुलांनी. मग नातवंडांनी. त्याआधी कित्येक डॉक्टरांना वाटायचं, वय वाढलं की रक्तदाब वाढायचाच, त्यात काय बिघडलं! फ्रॅमिंगहॅमकरांमुळे कळलं की चढलेला रक्तदाब, जास्तीचं कोलेस्टेरॉल आणि सिगारेट हे तिघं मिळून भिंत पोखरतात. २००४ मध्ये ५२ देशांतल्या माणसांचा एक मोठा अभ्यास छापून आला. त्याचे प्रमुख सलीम युसुफ मूळचे केरळचे. त्यात दिसलं की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. ही वाईट बातमी. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की धोक्याचा दहातला नऊ भाग ज्या गोष्टींमुळे येतो, त्या आपल्याला बदलता येतात.

त्यातल्या काही तुमच्या ताटात आहेत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा, आणि त्यात सगळं आलं: आमटीतलं, लोणच्यातलं, पापडातलं, वेफर्सच्या पुडीतलं, झटपट नूडल्सच्या मसाल्यातलं. एकदा गंमत म्हणून पुडीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, मीठ तिथे सोडियम या नावानं लपलेलं असतं. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट ही चरबी धमन्यांना फार वाईट. भारतात २०२२ च्या जानेवारीपासून तेला-तुपात ती २ टक्क्यांहून जास्त ठेवायला बंदी आहे. बाकी आपल्या जुन्या जेवणाला मी नावं ठेवणार नाही. मटकीची उसळ, भाकरी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, एखादा पेरू. हृदयाला हे मनापासून मानवतं.

तंबाखूबद्दल मात्र मी जरा मोठ्यानं बोलणार आहे. बिडी, सिगारेट, गुटखा, आजीची मिशरी, सगळी एकाच घरातली. धूर तर ओढणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या मुलाच्या धमन्यांचं अस्तरही दुखावतो. तुम्ही लहान आहात म्हणून गप्प बसायचं कारण नाही. “बाबा, बाहेर जाऊन नका ओढू, सोडूनच द्या,” असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सिगारेट सोडलेल्या माणसाचा हार्ट अटॅकचा धोका वर्षभरातच बराच उतरतो.

आणि एक गोष्ट खास तुमच्या वयाची. घसा खूप दुखतोय, ताप आहे, गिळता येत नाही, असं झालं तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. एका प्रकारच्या जंतूंमुळे घसा सुजला आणि औषध झालं नाही, तर काही मुलांना पुढे सांधे सुजवणारा संधिवाताचा ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपा खराब करतो. आपल्या देशात हे अजूनही होतं. हृदयात अशा चार झडपा आहेत, आणि छातीला कान लावल्यावर जे लब-डब ऐकू येतं तो त्या मिटण्याचा आवाज. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची घट्ट सुरळी करून ती एका रुग्ण बाईच्या छातीला लावली आणि त्यांना तो आवाज नुसत्या कानापेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू आला. तोच पहिला स्टेथोस्कोप. तुम्हीही आज रात्री वहीच्या पुठ्ठ्याची सुरळी करून आजोबांच्या छातीला लावून बघा. टीव्ही बंद करायला सांगा आधी.

जेरी मॉरिस यांचं पुढे काय झालं? ते ग्लासगोत वाढले होते. लहानपणी त्यांचे वडील मुलांना घेऊन चार मैल चालायला जायचे, आणि ते अंतर तासाभरात कापलं की आइस्क्रीम मिळायचं! चार मैल म्हणजे जवळजवळ साडेसहा किलोमीटर. चालून बघा एकदा, चांगली धाप लागते. स्वतःचेच आकडे पाहिल्यावर मॉरिस यांनी व्यायाम जन्मभर सोडला नाही. पोहायचे, चालायचे. नव्वदी उलटल्यावरही कामावर जायचे. २००९ मध्ये ते गेले तेव्हा ९९ वर्षांचे होते.

वहीत आता घरच्या सगळ्यांसाठी एकेक ओळ आखा. कणकेच्या गोळ्या जास्त करून ठेवा, कारण प्रत्येकाला आपली काडी बघायची असते. हलवायला सगळ्यात कठीण माझे मामा. “माझी नाडी काय बघायचीय, मी ठणठणीत आहे,” म्हणाले. काडी हलताना दिसल्यावर पाच मिनिटं जागचे उठले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन रक्तदाब मोजून आले.

माझ्या वहीत सगळ्यात संथ काडी माझ्या आईची आहे. मिनिटाला ६२. ती ७४ वर्षांची आहे आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. तिला पुन्हा एकदा मोजायला बसवणार होते, पण कोथिंबीर राहिली म्हणून ती आत्ताच खाली उतरली आहे.